पेशीचा पाठ समस्थितीपासून का सुरू करावा

आपण विचारले आहे की आठवी-नववीच्या मुलांना पेशीअंगकांची, म्हणजे पेशीच्या आतल्या कामकरी भागांची, नावे आणि कार्ये घडाघडा म्हणता येतात, आकृतीला नावेही बिनचूक देता येतात. पण मीठ लावल्यावर काकडीला पाणी का सुटते असे विचारले की वर्ग गप्प बसतो, आणि समस्थिती हा शब्द तर व्याख्येच्या पुढे सरकतच नाही. तेव्हा पेशींचे प्रकार, पेशीअंगके आणि समस्थिती या तीन गोष्टी कशा शिकवाव्यात, असा आपला प्रश्न आहे. सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत मी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवते आहे. त्यातली पहिली बरीच वर्षे माझ्याही वर्गात हेच घडत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना पाठांतराची सवय आहे हे खरे असले, तरी मूळ अडचण तिथे नाही असे मला वाटते. आपण आधी पेशीची आकृती काढतो, मग एकेका अंगकाचे कार्य सांगतो आणि समस्थिती शेवटी, तीही शरीराच्या तापमानापुरती, उरकतो. या क्रमात पेशीअंगके ही उत्तरे म्हणून समोर येतात, पण ती कोणत्या प्रश्नाची उत्तरे आहेत हे मुलांना कधी कळतच नाही. तो प्रश्न असा आहे: बाहेरची परिस्थिती सारखी बदलत असताना, आणि पाणी, क्षार, उष्णता हे सगळे आत-बाहेर जाऊ पाहत असताना, पेशी आपल्या आतले वातावरण बाहेरच्यापेक्षा वेगळे आणि कामापुरते स्थिर कसे राखते? हा प्रश्न म्हणजेच समस्थिती. मी तो पहिल्या तासिकेला विचारते आणि बाकीचा सगळा पाठ त्याच्या उत्तरात बसवते.

यातले किती जमेल हे अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहे. आपल्याकडे चालू स्थितीतला एक तरी सूक्ष्मदर्शक आहे का, वर्गात चाळीस मुले आहेत की सत्तर, पाठासाठी पाच तासिका मिळतात की आठ, यावर प्रयोगांची निवड ठरेल. अकरावीच्या मुलांना जे आकडे देता येतात ते आठवीला द्यावेत असे नाही. मी खाली जे सांगते आहे त्यातले निम्मे झाले तरी चालेल. क्रम मात्र बदलू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सुरुवात काकडीनेच करावी, कारण कोशिंबिरीला पाणी सुटते आणि कैरीच्या फोडींना मीठ लावले की खार होतो हे प्रत्येक मुलाने घरी पाहिलेले असते. बहुतेक शाळांत यानंतर मनुका पाण्यात फुगवून दाखवतात. परासरण, म्हणजे पातळ पटलातून पाणी विरघळलेले पदार्थ जास्त असलेल्या बाजूला जाणे, दाखवायला तो प्रयोग ठीक आहे, पण मी त्यावर थांबत नाही. मनुका वाळताना तिच्यातल्या पेशी मेलेल्या असतात. पाणी आत जाते हे खरे, पण तिथे आतले काही राखणारे कोणी उरलेले नसते. जिवंत पेशी दाखवायची असेल तर कांदा घ्यावा. सोलापूरची कांद्याची बाजारपेठ मोठी आहे आणि लाल कांदा आपल्याकडे वर्षभर मिळतो. पुस्तकात कांद्याच्या पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा काढायला सांगितलेले असते. या प्रयोगासाठी मात्र बाहेरच्या, फुगीर बाजूची जांभळी साल घ्यावी लागते, कारण रंग त्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, असतो आणि त्यामुळे काहीही न रंगवता आतले दिसते.

नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरून वर आच्छादन काच ठेवावी. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसते, विटांच्या भिंतीसारखी. मग अर्ध्या पेल्यात, म्हणजे साधारण १०० मिलिलिटर पाण्यात, सपाट चमचाभर मीठ विरघळवून त्याचा एक थेंब काचेच्या एका कडेला सोडावा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा लावून पाणी ओढून घ्यावे. दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आकसून मधोमध गोळा होतो आणि भिंतीची चौकट रिकामी राहते. यालाच रससंकोच म्हणतात. पेशीभित्तिका (बाहेरची ताठ भिंत) आणि प्रद्रव्यपटल (तिच्या आतले पातळ आवरण) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी पूर्वी फळ्यावर दोन रेघा काढून सांगत असे आणि मुले परीक्षेत दोन्हींची गल्लत करत असत. आता मुलांना ते डोळ्यांनी दिसते: भिंत जागेवर राहिली आणि पटल आतल्या मालासकट मागे सरकले. यानंतर त्याच पद्धतीने साधे पाणी सोडले की बहुतेक पेशी पुन्हा भरतात. काही भरत नाहीत, आणि त्या का भरल्या नाहीत हे मुलांनाच विचारावे.

त्याचे उत्तर पुढच्या पायरीत मिळते. तशाच सालीचा दुसरा तुकडा आधी कढत पाण्यात बुडवून काढावा आणि मग पाहावा. रंग बाहेर पडलेला असतो आणि मीठ घातले तरी आकसायला काही उरलेले नसते. भित्तिका शाबूत, आकृती तीच, नावे देता येतील असे बरेच काही जागेवर. पण राखणदारी संपलेली. सूक्ष्मदर्शक नसेल तर हेच बीटाने होते. बीटाचे सारख्या आकाराचे तुकडे करून, कापलेल्या पेशींतला रंग जाईपर्यंत ते धुवावेत, आणि एकेक तुकडा थंड, कोमट आणि वाफाळत्या पाण्याच्या पेल्यात ठेवावा. पंधरा मिनिटांनी थंड पाणी जवळजवळ स्वच्छ असते आणि गरम पाणी लालभडक होते. आपल्या शाळेत साधने कमी असतील तर हा एक प्रयोग तरी अवश्य करावा.

आता दाखल्यांविषयी. पेशी म्हणजे कारखाना, केंद्रक म्हणजे व्यवस्थापक, तंतुकणिका म्हणजे वीजघर, हा दाखला आपण सगळेच देतो. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांच्या घरचे लोक यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे इथे तो पटकन पोहोचतो. मी तो देते, पण देऊन झाल्यावर मुलांना तो कुठे मोडतो हे शोधायला सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी, जिचे वडील टॉवेलच्या मागावर होते, उभी राहून म्हणाली, "बाई, कारखाना महिनाभर बंद राहिला तरी माग तसेच असतात. बटण दाबलं की चालू होतात. पेशी बंद पडली तर तशी राहील का?" संपूर्ण पाठाचा गाभा तिने एका वाक्यात मांडला होता. पेशी बंद ठेवता येत नाही, कारण तिचे असणे हेच चालू राहण्यावर अवलंबून असते. त्यावर मागच्या बाकावरून एकाने विचारले की मग कणगीतले ज्वारीचे बी वर्षभर कसे राहते. हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. वाळलेल्या बीजात पाणी अगदी थोडे उरलेले असते, त्यामुळे जवळजवळ सर्व क्रिया थांबतात आणि त्या थांबणुकीसाठी बी आधीपासून तयार झालेले असते. ओल मिळाली की श्वसन सुरू होते, आणि अंकुर फुटला की मग मात्र त्याला पुन्हा थांबता येत नाही.

चालू राहणे म्हणजे नेमके काय, हे सांगायला नववीपासून पुढे मी एकच उदाहरण आकड्यांसह देते. प्राण्यांच्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीस पट जास्त असते आणि सोडियम सुमारे दहा पट कमी. पटलातून दोन्ही थोडेथोडे झिरपत असतात, म्हणजे काहीच केले नाही तर फरक मिटेल. तो मिटू नये म्हणून पटलातील एक प्रथिन दर फेरीला ३ सोडियम आयन (विद्युतभारित कण) बाहेर टाकते आणि २ पोटॅशियम आयन आत घेते, आणि प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्च होतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातील ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या एका कामावर जातो. हे ऐकले की तंतुकणिका पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे या वाक्याला प्रथमच अर्थ येतो, कारण ऊर्जा कशाला लागते हे आता माहीत असते.

इथून पुढे अंगके भराभर घ्यावीत. प्रत्येक अंगकापाशी मी एकच प्रश्न ठेवते: हे नसते तर पेशीला आतले वातावरण राखताना काय अडले असते? प्रथिने सतत झिजतात आणि नवी करावी लागतात, म्हणून रायबोसोम आणि आंतर्द्रव्यजालिका. ती योग्य ठिकाणी पाठवावी लागतात, म्हणून गॉल्गी संकुल. निकामी झालेले मोडून वापरात आणावे लागते, म्हणून लयकारिका. केंद्रकाला मी व्यवस्थापक म्हणणे सोडून दिले आहे. त्याऐवजी तांबडी रक्तपेशी पुढे ठेवते. माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि तंतुकणिकाही नसतात, तरी ती जिवंत असते, ग्लुकोजपासून पेशीद्रव्यातच थोडी ऊर्जा मिळवते आणि आपले आयन सांभाळते. पण झिजलेली प्रथिने नव्याने करता येत नसल्यामुळे ती सुमारे १२० दिवसांत संपते. केंद्रकाचे महत्त्व यापेक्षा चांगले सांगणारे उदाहरण मला मिळालेले नाही.

पेशींचे प्रकार शिकवताना दोन चुका हमखास दिसतात. पहिली, मुले कांद्याच्या पेशीत हरितलवके (प्रकाशात अन्न तयार करणारी हिरवी अंगके) काढतात, कारण पुस्तकातल्या वनस्पती पेशीत ती असतात. सूक्ष्मदर्शकातून पाहूनसुद्धा काढतात! कांदा जमिनीखाली वाढतो, तिथे प्रकाश नाही, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. दुसरी चूक अधिक खोल आहे: वनस्पतींना हरितलवके असतात म्हणून त्यांना तंतुकणिका नसतात, असे बऱ्याच मुलांना वाटते. आपल्या तक्त्यात प्राणी आणि वनस्पती असे दोन रकाने करून आपणच ही समजूत पेरतो. मी तो तक्ता आता देत नाही. त्याऐवजी पाच खऱ्या पेशी देते: तांबडी रक्तपेशी, हृदयाच्या स्नायूची पेशी, स्वादुपिंडाची पाचकरस करणारी पेशी, पानाची हिरवी पेशी आणि कांद्याच्या सालीची पेशी. कोणात काय जास्त असेल, काय नसेल आणि का, हे गटांनी ठरवायचे. हृदय क्षणभरही थांबत नाही, म्हणून त्याच्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी व्यापलेला असतो, हे मुले आकडा माहीत नसताना बरोबर ओळखतात.

आदिकेंद्रकी, म्हणजे पटलाने वेढलेले केंद्रक नसलेल्या, पेशी शिकवताना त्या मागासलेल्या किंवा अपुऱ्या आहेत असा सूर लागू नये. दह्यातला जिवाणू एका पटलाच्या आत, केंद्रक आणि तंतुकणिका नसताना, समस्थिती उत्तम राखतो. दही आंबट होत जाते तसा तो आपल्या आतला आम्लपणा बाहेर ढकलत असतो. मग दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशीला इतके कप्पे का लागतात? इथे आकार आणावा. जिवाणू साधारण १ ते ५ मायक्रोमीटर लांब, गालाच्या आतील पेशी ५०-६० मायक्रोमीटर रुंद. बटाट्याचे १, २ आणि ३ सेंटिमीटर बाजूचे घन कापून मुलांना पृष्ठफळ आणि घनफळ काढायला लावले की गुणोत्तर ६, ३ आणि २ असे घसरते. तेच घन पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात तासभर ठेवून कापले, तर रंगाची कड तिन्हींत सारखीच दिसते, पण मोठ्या घनाचा बहुतांश भाग कोराच राहतो. मोठ्या पेशीला आतल्या कामासाठी जास्तीची पटले का लागतात, हे त्या कोऱ्या भागाकडे बोट दाखवून सांगता येते.

इथवर आपण काय केले ते मुलांकडून एकदा म्हणवून घ्यावे: आत-बाहेर फरक असतो, तो राखायला पटल आणि ऊर्जा लागते, त्यासाठी अंगके लागतात आणि पेशीच्या कामाप्रमाणे व आकाराप्रमाणे ती बदलतात.

शब्दांकडेही लक्ष द्यावे. सोलापूरच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार घरच्या भाषा सहज असतात, आणि संस्कृत वळणाचे हे शब्द सगळ्यांनाच परके वाटतात. ते फोडून सांगितले की जवळ येतात. तंतुकणिका म्हणजे तंतूसारखी आणि कणासारखी. मूळ ग्रीक नावाचाही अर्थ नेमका तोच आहे. लयकारिका म्हणजे लय करणारी. रिक्तिका या शब्दापाशी मात्र सावध राहावे, कारण रिक्त म्हणजे रिकामे, आणि मुलांना ती पोकळी वाटते. प्रत्यक्षात ती रसाने भरलेली असते आणि झाडाचा ताठपणा तिच्यामुळेच असतो. समस्थितीतला सम हाही असाच फसवतो. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हा मूळ इंग्रजी शब्द घडवला तेव्हा त्यांनी एकच या अर्थाचे नव्हे, तर सारखेसे या अर्थाचे ग्रीक पद मुद्दाम निवडले होते. निरोगी माणसाच्या रक्तातील साखर उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तामागे ७० ते १०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते आणि जेवल्यावर वाढते. ती एका आकड्यावर खिळलेली नसते. बाहेरच्याशी पूर्ण समतोल साधणे म्हणजे समस्थिती नव्हे, हेही स्पष्ट सांगावे. गरम पाण्यातल्या बीटाने तोच समतोल साधला होता.

शरीराच्या पातळीवर जाताना मी माठ वापरते. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, शाळा सकाळची होते, आणि वर्गाच्या कोपऱ्यात माठ असतोच. माठ आणि घामाने भिजलेले शरीर दोन्ही बाष्पीभवनाने थंड होतात. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मग माठात समस्थिती आहे का? बरीच मुले आधी हो म्हणतात. तेव्हा मी विचारते की डिसेंबरच्या पहाटे माठ काय करतो. तो तेव्हाही झिरपतच राहतो. शरीर मात्र घाम थांबवते, त्वचेकडचा रक्तप्रवाह कमी करते आणि वेळ पडली तर कुडकुडून उष्णता निर्माण करते. म्हणजे इथे तापमान जाणणारे काही आहे, ते किती असावे हे ठरलेले आहे आणि बदल झाला की त्याच्या उलट दिशेने काम सुरू होते. घरच्या टाकीतला बॉलकॉक हेच करतो, फक्त एकाच दिशेने. झाडांचेही एक उदाहरण जरूर द्यावे, नाहीतर समस्थिती ही प्राण्यांचीच गोष्ट ठरते. पाण्याचा ताण पडला की रब्बी ज्वारीची पाने दुपारी सुरळीसारखी वळतात. पानाच्या वरच्या बाजूच्या काही मोठ्या पेशींच्या रिक्तिकांतले पाणी कमी झाल्याने हे घडते, आणि उन्हाला सामोरे जाणारे पृष्ठ घटते. शेतकऱ्यांच्या मुलांनी ते पाहिलेले असते, पण त्याचा पेशीशी संबंध कोणी जोडून दिलेला नसतो.

शेवटची तासिका मी क्षारसंजीवनीसाठी, म्हणजे ओआरएससाठी, ठेवते, कारण उन्हाळ्यात आणि जुलाबांत तिचे पाकीट घरोघरी येते. पाकिटामागचे घटक मुलांना वाचायला लावावेत: एक लिटर पाण्यासाठी मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. मग विचारावे की नुसते पाणी का चालत नाही आणि साखर कशाला. आतड्याच्या पेशीच्या पटलात असे एक प्रथिन असते की जे सोडियम आणि ग्लुकोज बरोबरच आत घेते, आणि त्यांच्यामागून पाणी येते. सोडियम आत ओढले जाते, कारण पेशीत ते कमी राखलेले असते. कमी राखते ते तीन बाहेर, दोन आत करणारे प्रथिन. आणि त्याला एटीपी पुरवणाऱ्या तंतुकणिका. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली आणि सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचे मोजून केलेले द्रावण पिंपांतून पाजले, आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. मी ही हकिगत सांगते तेव्हा वर्गात पूर्ण शांतता असते. मोजून या शब्दावर मात्र जोर द्यावा, कारण मीठ जास्त पडले तर तेच द्रावण पेशींतले पाणी बाहेर ओढते, आणि याचा पुरावा मुलांनी कांद्याच्या सालीत पाहिलेला असतो.

परीक्षेची काळजी आपण लिहिली आहे. आकृती आणि कार्ये यांचे गुण या पद्धतीने बुडत नाहीत. आठवडाभर रोज वापरलेली नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. घटक चाचणीत मी दोन प्रश्न स्वतःचे घालते. एक, रुग्णाच्या शिरेत ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाऐवजी चुकून शुद्ध पाणी गेले तर तांबड्या पेशींचे काय होईल, आणि तेच पाणी कांद्याच्या पेशीभोवती असते तेव्हा तसे का होत नाही? दोन, बरेच दिवस ताण बसलेल्या डाळिंबाच्या बागेला एकदम भरपूर पाणी दिले तर फळे का तडकतात? उत्तर कोणत्या शब्दांत आहे हे मी पाहत नाही. पाणी कुठून कुठे गेले, कशामुळे गेले आणि त्याला कशाने धरून ठेवले किंवा ठेवता आले नाही, या तीन गोष्टी आल्या असतील तर मी पूर्ण गुण देते.